इवलूला निजायचंय

एक होता इवलू. एवढासा जिवाणू. मुंगीएवढा? छे! मुंगीला तो दिसायचासुद्धा नाही.

वालाच्या मुळीवर होती एक गाठ. गाठीत होती खोली. खोलीत राहायचा इवलू. हवा धरायचा, तिचा वेलासाठी खाऊ करायचा. वेल त्याला गोड रस द्यायचा.

शेंगा संपल्या. शेवंताकाकी आली. दरवर्षीसारखा तिने वेल मुळासकट उपटला. सर्रर्र! गाठ फुटली. इवलू मातीत पडला. खोली गेली. आता निजायचं कुठे?

कुंपणापाशी होता दुसरा वेल. पिवळा पडलेला. इवलू निघाला.

लुटूलुटू, लुटूलुटू. दमला. बसला. उठला.

"मुळीताई, मुळीताई, दार उघड.
मी निजू कुठे?"

मुळी म्हणाली, "माती घट्ट झालीय रे. जीव गुदमरतो. गांडूळ खणेल, तेव्हा उघडीन."

लुटूलुटू, लुटूलुटू. दमला. बसला. उठला.

"गांडूळदादा, गांडूळदादा, माती खण.
मुळी उघडेना.
मी निजू कुठे?"

गांडूळ म्हणाला, "पोटात काही नाही रे. खायला पाला राहील, तेव्हा खणीन."

लुटूलुटू, लुटूलुटू. दमला. बसला. उठला.

"पाल्या, पाल्या, मातीवर राहा.
गांडूळ खणेना,
मुळी उघडेना.
मी निजू कुठे?"

पाला म्हणाला, "मी रोज पडतो, काकी रोज झाडते. वीट आला बाबा. काकी थांबेल, तेव्हा राहीन."

लुटूलुटू, लुटूलुटू. दमला. बसला. उठला.

"काकी, काकी, झाडू ठेव.
पाला राहीना,
गांडूळ खणेना,
मुळी उघडेना.
मी निजू कुठे?"

काकीला ऐकू आलं? आलं बरं का. गोष्टीत येतं.

काकी म्हणाली, "कंबर मोडली रे माझी. पण केर कोण काढणार? आणि हा वेल बघ, एक फूल नाही. उद्या हाही उपटते. फूल दिसेल, तेव्हा थांबेन."

इवलू घाबरला. हाही वेल गेला तर? तिसरा वेलच नव्हता.

लुटूलुटू, लुटूलुटू. दमला. बसला नाही.

"वेला, वेला, फूल दे.
काकी थांबेना,
पाला राहीना,
गांडूळ खणेना,
मुळी उघडेना.
मी निजू कुठे?"

वेल म्हणाला, "उपाशी आहे रे मी. मला खाऊ कोण देणार?"

"मी देईन. हवेतून करून देईन."

"नक्की?"

"नक्की."

वेलाने उरलासुरला जोर लावला. एक फूल काढलं. जांभळं, एवढुसं.

"अगं बाई," काकी म्हणाली. झाडू ठेवला. पायरीवर टेकली.

काकी थांबली,
पाला राहिला,
गांडूळ जेवला,
गांडुळाने माती खणली,
मुळी उघडली.

"ये रे बाबा, ये," मुळी म्हणाली.

इवलू आत गेला. मऊ मऊ खोली. वेलाने गोड रस पाठवला. इवलू घटाघटा प्यायला.

मग हळूच म्हणाला, "खाऊ उद्यापासून केला तर चालेल?"

"चालेल," वेल म्हणाला. "आज नीज."

आणि इवलू एकदाचा निजला.