पिराजीने कण्हेर काढली

हिंगणवाडीत पिराजी नावाचा एक माळी राहत होता. भोळा होता. नुसता भोळा असता तर निभावलं असतं, पण तो कष्टाळूही होता. सांगितलेलं काम कधी अर्धवट सोडत नसे, त्यामुळे नुकसानही पूर्ण व्हायचं.

तो दत्तोपंत खासनिसांच्या बंगल्यावर कामाला होता. दत्तोपंत सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांचा मुलगा परदेशी गेला आणि जाताना बंड्या नावाचा कुत्रा आईवडिलांकडे ठेवून गेला. दर रविवारी तो फोनवर आधी बंड्याला बघायचा. वेळ उरला तर आईवडिलांनाही बघायचा.

बंड्याला दिसेल ते चावायची सवय. चपला झाल्या, पायपुसणं झालं, केरसुणी झाली. अंगणात लाल कण्हेर होती. दत्तोपंत रोज तिची फुलं शंकराला वाहायचे. एक दिवस त्यांच्या पत्नी उमाकाकू भजनी मंडळातून ऐकून आल्या की कण्हेर विषारी असते, कुत्र्यानं खाल्ली तर वाचत नाही. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

दत्तोपंतांनी शेजारच्या बाबूरावांचं मत घेतलं. बाबूराव म्हणाले, "आमच्या म्हशीला तर आजवर काही झालं नाही."

"म्हैस खाते का कण्हेर?"

"छे. तिकडं बघतसुद्धा नाही."

दत्तोपंतांचं समाधान झालं. काकूंचं झालं नाही. त्यांनी पिराजीला सांगितलं, "कुत्र्याला कण्हेरीजवळ जाऊ देऊ नकोस."

पिराजीने बंड्याला उचललं आणि कण्हेरीपासून सगळ्यांत लांब जागा शोधून तिथं बांधलं. ती जागा म्हणजे देवघर. संध्याकाळपर्यंत बंड्यानं आसन फाडलं, समईची वात गिळली आणि दत्तोपंतांच्या सोवळ्यावर पाय वर केला.

"अरे शहाण्या, कुत्र्याला कशाला बांधलंस?" दत्तोपंत म्हणाले. "ज्याच्यापासून धोका, त्याचा बंदोबस्त करायचा."

"हे आधी सांगायचं ना, मालक," पिराजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गुरांचे डॉक्टर बंड्याला लस टोचायला आले. पिशवीतून सुई निघाली. बंड्या पलंगाखाली शिरून कण्हू लागला. पिराजीने सुईकडे पाहिलं, बंड्याकडे पाहिलं, आणि विहिरीचा दोर आणून डॉक्टरांना ओसरीच्या खांबाला बांधलं.

काकू देवळातून आल्या तेव्हा डॉक्टर खांबाशी शांत उभे होते. नोकरीत त्यांनी याहून वाईट दिवस पाहिले होते.

"काकू, तुम्ही विचारलं होतंत ना," ते म्हणाले, "कण्हेर विषारीच. पान, फूल, फांदी, सगळंच. काढून टाका. आणि जमलं तर ही गाठही काढा."

काकूंनी गाठ सोडली आणि पिराजीला झापलं. "दारात कुणी आलं की बांधतात का रे? हात जोडावेत, पाणी द्यावं, आत नेऊन बसवावं."

"बरं," पिराजी म्हणाला.

कण्हेरीचं काय, असं काकूंनी विचारलं. दत्तोपंत म्हणाले, "विचार करू." नोकरीत असताना याच दोन शब्दांवर त्यांना तीन बढत्या मिळाल्या होत्या.

दुपारी बाबूरावांची म्हैस दावं तोडून दारात आली. पिराजीने हात जोडले. पाणी दिलं. ती बादलीभर प्याली. मग तो तिला आत घेऊन गेला. ती काही केल्या बसेना, म्हणून तो "बसा ना, बसा" म्हणत राहिला. तोवर तिनं माजघरात वाळत घातलेल्या सगळ्या कुरडया संपवल्या.

काकूंनी कपाळाला हात लावला. "अरे, जनावर आहे ते. त्याचं तोंड पोचेल तिथं काही ठेवायचं नसतं. उंचावर ठेवावं, वर झाकण घालावं."

"मी ठेवलं असतं, काकू. पण पाहुण्यांसमोर झाकपाक बरी दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बंड्या कण्हेरीची डहाळी तोंडात धरून पायरीवर आला. काकूंनी धावत जाऊन ती ओढून काढली. एक पानही चावलेलं नव्हतं, तरी काकूंनी बंड्याचं तोंड तीनदा धुतलं. दत्तोपंतांनी ते पाहिलं आणि नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच जागच्या जागी निर्णय घेतला.

"पिराजी, कण्हेर मुळासकट काढ. एक पानसुद्धा बंड्याच्या तोंडाला लागता कामा नये."

पिराजी दिवसभर घाम गाळत होता. संध्याकाळी अंगण लख्ख होतं. काकूंनी डॉक्टरांना आणि बाबूरावांना मुद्दाम चहाला बोलावलं. एकाची दोराबद्दल माफी म्हणून, दुसऱ्याची म्हशीला घराबाहेर हाकलल्याबद्दल. दत्तोपंतांनी कप हातात घेऊन छोटंसं भाषण केलं. घर आता सुरक्षित झालं, असं ते म्हणाले. सगळ्यांनी कप उचलले.

"फांद्या कुठं टाकल्यास रे?" काकूंनी सहज विचारलं.

"उंचावर," पिराजी म्हणाला. "गच्चीवर. झाकण घालून."

"गच्चीवर झाकण कशाला आहे आपल्याकडं?"

"पाण्याच्या टाकीला आहे की. सगळी कण्हेर बसली आत. मुळं जरा दाबावी लागली."

डॉक्टरांनी ओठाला लावलेला कप खाली ठेवला. बाबूरावांनी ठेवला. दत्तोपंतांचा कप हवेतच राहिला. चहाचं पाणी कोणत्या नळाचं, हे कुणी विचारलं नाही.

काकूंना मात्र एकच सुचलं. "अरे, बंड्याला ते पाणी पाजलंस का?"

पिराजीचा चेहरा पडला. इतकी वर्षं काम करून आपल्याबद्दल हेच मत असावं, याचं त्याला वाईट वाटलं.

"काकू, मी काय एवढा खुळा आहे?" तो म्हणाला. "कण्हेर विषारी असते. त्याला मी विहिरीचं पाजलंय. टाकीचं फक्त माणसांना."