शालू आणि चोरखटका

कानडगावच्या पेठेत केवळशेठचं कुलपांचं दुकान होतं. माल अस्सल, पण शेठचा तोरा भारी. काही विचारलं की उत्तर ठरलेलं, “आम्ही विकतो, शिकवत नाही!”

अनसाबाईनं त्यांच्याकडचं चोरखटक्याचं कुलूप नेऊन लेकीच्या लग्नाच्या पेटीला लावलं. लग्नाच्या सकाळी शालू काढायला गेली, तर काही केल्या किल्ली फिरेना. मुहूर्त दुपारचा. बाई तशीच धावत पेठेत आली. शेठ ओट्यावर पान लावत बसले होते.

“शेठ, पोरीचा शालू अडकलाय. कुलूप उघडायचं कसं, तेवढं सांगा.”

“किल्ली दिली ना? आमचं काम संपलं.”

अनसाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ते तिनं पदरानं टिपलं आणि म्हणाली, “बरं, तसलंच आणखी एक दाखवा.”

शेठनं दाराशी टांगलेलं उघडं कुलूप किल्लीसकट खुशीत काढून दिलं. बाईनं दुकानाचं दार ओढलं, कडीत कुलूप घालून खट्‌कन दाबलं आणि किल्ली शेठपुढं धरली.

“अहो, हे काय!” शेठ उसळले. तणतणत त्यांनी खालचा खटका दाबला, किल्ली उलटी फिरवली आणि कुलूप उघडलं.

“तुम्ही काही शिकवलं नाहीत, शेठ,” अनसाबाई हात जोडून म्हणाली, “तुमचंच दार तुम्ही उघडलंत. मी आपली बघत उभी होते.”

शेठना हसू आवरेना.

“आता जेवायला या,” असं बजावून बाई घराकडं पळाली. दुपारी पहिल्याच पंगतीला शेठ हजर होते.