आंधळ्या म्हशीने ओळखलेला आवाज

अवजारं एकमेकांशी बोलत असत त्या काळी एका गोठ्यामागे माळ्याला टेकलेला लोखंडाचा लांबलचक सांगाडा वर्षानुवर्षं पडून होता. त्यावर दुधीचा वेल चढला होता.

खंडेनवमीला गोठ्याची मालकीण सोनाक्का हळदकुंकू घेऊन आली. नांगराला, विळ्याला कुंकू लागलं. सांगाड्यापाशी मात्र ती थबकली. "हे सासऱ्यांच्या वेळचं. काय आहे तेच ठाऊक नाही, तर पुजू कसं? उद्या भंगारात देते."

"मोडकी शिडी असेल," नांगर म्हणाला.

"शिडीला साखळी कशाला? हा झोपाळाच," विळा म्हणाला.

पण सणाला घरातलं लोखंड धुतल्यावाचून ठेवायचं नाही, ही सोनाक्काची रीत. तिने वेल बाजूला सारला, सांगाडा घासला, साखळीला तेल चोळलं आणि खालच्या टोकाचा दांडा फिरवून पाहिला. साखळी खडखडत वर सरकू लागली.

तोच गोठ्यातली म्हातारी, आंधळी म्हैस चंद्री धडपडत उठली. माळ्याकडे तोंड करून म्हणाली, "चारा चढतोय. मी पारडू असताना सुगीत हाच आवाज यायचा."

सोनाक्काने कडब्याची एक पेंढी साखळीवर ठेवली. ती डुलत डुलत माळ्यावर पोचली. इतकी वर्षं डोक्यावरून पेंढ्या चढवणारी सोनाक्का बघतच राहिली. मग तिने सांगाड्याला ठसठशीत कुंकू लावलं.

नांगर ओशाळून म्हणाला, "इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"माझी जीभ म्हणजे ही साखळी," सांगाडा म्हणाला. "कुणी फिरवली, तर बोलणार ना."