गोलघुमटातलं गाऱ्हाणं

“...पण बुवा, तुमच्या माघारी मठाचं बघणार कोण?”

विरूपाक्षानं हे विचारलं, तेव्हा रेवणबुवा विजापूरच्या स्टँडवर उतरून धोतर झटकत होते.

“माघारी म्हणजे? मी कुठं निघालोय?”

“तसं नव्हे... आपलं सहज विचारलं.”

जतकडच्या एका लहानशा मठात हे बुवा राहायचे. विरूपाक्ष त्यांचा थोरला चेला. पाठांतर दांडगं, कपाळावरचे भस्माचे पट्टे बुवांपेक्षा रुंद. आपल्यानंतर मठ कुणाचा, हे बुवा येत्या पुनवेला सांगणार होते आणि ह्याच्या डोक्यात तेच घोळत होतं. तेवढ्यात बुवांनी टूम काढली, चल, विजापूरचे महाल नि बुरूज बघून येऊ.

गगनमहालाची भली मोठी कमान बघितली. विरूपाक्ष मोठ्यानं म्हणाला, “सगळं नश्वर!” आणि बुवांनी ऐकलं का, ते तिरक्या डोळ्यानं बघून घेतलं.

“शेंगा घे,” बुवा म्हणाले.

बुरुजावरची तोफ बघितली.

“हीसुद्धा नश्वर!”

“हो. जरा इकडं सरकून उभा राहा, तुझी सावली पडू दे माझ्यावर.”

मग बुवांनी मधेच विचारलं, “तुला मठाची हौस आहे काय रे, विरूपा?”

विरूपाक्षानं दोन्ही कान धरले. “शिव शिव! मला राख नि सोनं सारखंच.”

बुवा शेंगा सोलत राहिले...

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघं गोलघुमटात वर चढले. घुमटाच्या आतून एक गोल सज्जा फिरतो. तिथं अजून कुणी आलं नव्हतं. बुवा एका बाजूला भिंतीशी बसले.

“तू समोर पलीकडं जाऊन बस. नाव घे देवाचं.”

आता त्या घुमटाची करणी अशी, की एका बाजूला भिंतीशी पुटपुटावं आणि पार समोरच्या भिंतीला कान लावणाऱ्यानं ते ऐकावं. बुवांना हे ठाऊक. विरूपाक्षाला कुठलं ठाऊक!

त्यानं भिंतीकडं तोंड केलं. एवढं उंच आलोच आहोत, देवाला इथनं जवळ पडेल...

“देवा,” तो पुटपुटला, “पुनवेला म्हाताऱ्याच्या तोंडून माझं नाव निघू दे. मग त्याला लवकर घेऊन जा.”

आणि भिंत बोलली.

“बरं... पण मठ घेऊन करशील काय?”

विरूपाक्षाच्या अंगावर सर्रकन काटा आला. साक्षात देव! त्यानं भिंतीला मिठीच मारली.

“आधी ते लंगडं कुत्रं हाकलीन, देवा. म्हातारा त्याला शेजारी बसवून जेवतो.”

“आणखी?”

“दुपारी जेवायला येणारे फुकटे बंद. आणि दारावर माझं नाव, दगडात कोरून.”

“ते नश्वर की रे!”

“माझ्या हयातीपुरतं असू दे.”

“आणि म्हातारा? तो कसा आहे?”

विरूपाक्ष घुटमळला. कपाळ भिंतीला टेकून बसला.

“माणूस वाईट नाही... मला ताप आला तेव्हा रात्रभर मांडीवर घेऊन बसलेला.” त्यानं नाक ओढलं. “पण देवा, फार जगतो.”



मग आवाज आला, “बघतो काय जमतं ते. तोवर इकडं ये नि हात दे, बाबा. जिना उतरताना माझे गुडघे धरतात.”