जानू डाकवाल्याचा दगड

कुंभेरीची वाट जिथे घाट चढू लागते तिथे एक काळा दगड आहे. त्याला शेंदूर नाही, फूल नाही, त्याच्यापुढे कुणी नवस बोलत नाही. पाहुणे विचारतात, हा कुठला देव? देव कसला! देव असता तर वाट्याला नारळ तरी आला असता. हा जानू झोऱ्याचा दगड.

साहेबाच्या राज्यातली गोष्ट. घाटावर गोऱ्यांची थंड हवेची छावणी होती आणि तिची डाक खालून जानू धनगर नेई. खांद्यावर थैली, हातात घुंगरांची काठी. असं सांगतात की घुंगरं ऐकून बायका चुलीवर आधण ठेवत आणि पाणी उकळायच्या आत तो घाटमाथ्यावर दिसे. थोडं वाढवून सांगत असतील, पण गडी वाऱ्याला मागे टाकणारा होता यात वाद नाही.

गावात अमेरिकन मिशनची शाळा होती आणि तिथे वॉल्टन नावाचे मास्तर. त्यांना खेळाचं भारी वेड. शाळेच्या भिंतीवर त्यांनी आपल्या देशातल्या एका वीराचं चित्र लावलं होतं. तो तिथल्या आदिवासींतला. आगबोटीनं परमुलखात गेला, धावला, उड्या मारल्या आणि सगळ्या जगाला हरवून आला. तिथल्या राजानं म्हणे स्वतः त्याचा हात हातात घेतला.

"मास्तर, त्यो माज्यावानी रानातला?" जानूनं विचारलं.

"अगदी तुझ्यासारखाच."

झालं. ते चित्र जानूच्या डोक्यात शिरलं ते निघेना. छावणीत दर वर्षी घाट चढायची शर्यत होई आणि पहिल्या येणाऱ्याचं नाव तिथल्या खांबावर कोरत. धनगराचं नाव तोवर कुठेच लिहिलं गेलं नव्हतं, कागदावर नाही की दगडावर नाही. ते एकदा तरी लिहिलं जावं, एवढीच जानूची भूक. मास्तरांनी खटपट करून त्याला शर्यतीत घेतलं आणि स्वतः पंचांत बसले. गोरे अर्ध्या घाटात धापा टाकत होते तेव्हा जानू वर बसून पाणी पीत होता, म्हणे.

खांबाला छिन्नी लागली आणि कुणा साहेबानं हरकत घेतली. हा तर धावण्याचा पगार खातो, शर्यत हौशी लोकांची आहे! पंचांनी माना डोलावल्या. अर्धवट कोरलेलं नाव तिथल्या तिथे घासून टाकलं. मास्तर तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

उतरताना त्यांनी जानूला गाठलं ते याच दगडापाशी. समजूत घालत म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस. चित्रातल्या त्या वीराचंही असंच झालं. कधी काळी चेंडूच्या खेळाचे चार पैसे घेतले, म्हणून त्याची पदकं काढून घेतली."

जानू थांबला. "ह्ये तुमास्नी आधीच ठावं हुतं?"

"हो."

"मंग मला अर्धीच गोष्ट का सांगितली?"

"पुरी सांगितली असती तर तू धावला नसतास."

"धावलो असतो की, मास्तर. पर समजून उमजून धावलो असतो."

एवढं बोलून त्यानं काठी दगडावर आपटून मोडली आणि शपथ घेतली, हे पाय पुन्हा धावणार नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच साहेबांची डाक घेऊन तोच घाट चढला, पण चालत. डाक उशिरा येऊ लागली तशी त्याला काढून टाकलं. मग मेंढरांमागे जो गेला तो गेलाच. मास्तरांचा फोटो अजून शाळेत आहे. जानूचा कुणी काढलाच नाही. त्या अमेरिकन वीराची पदकं तो मेल्यावर कितीतरी वर्षांनी परत दिली, असं सांगतात. मेल्यावर दिली काय नि न दिली काय!

आजही चैत्रातल्या जत्रेला गावची पोरं-पोरी शर्यतीसाठी या दगडापाशी उभी राहतात. शिट्टीच्या आधी गावातलं सगळ्यात म्हातारं माणूस त्यांना ही गोष्ट सांगतं, शेवटापर्यंत, घासलेल्या नावासकट. मग विचारतं, "ऐकलंत न्हवं? आता बोला, कुणाला धावायचंय?"

आजवर एकही पोर मागं सरलेलं नाही. पाहुणे टाळ्या वाजवतात. गावाला मात्र त्याचं कौतुक वाटत नाही; यांतल्या कुणाचं नाव उद्या कोण घासून टाकील, याचीच काळजी वाटते.