शालीखालचं पेन

खरं तर ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं रेवतीआत्याने मला बजावलं आहे.

आत्या गावच्या वाचनालयात पुस्तकांची नोंद करते. तिथला संगणक जुना, पण अध्यक्ष दादासाहेबांनी तो हौसेने नटवून घेतला होता. स्क्रीनवरची प्रत्येक विंडो तरंगत उघडायची, सावली पाडायची आणि विरघळत मिटायची. तोवर वाचकांची रांग दारापर्यंत जायची.

"ही सजावट बंद केली तर तो भराभर चालेल," आत्या एकदा म्हणाली.

"आणि वाचनालयाची शोभा? तुमचेच हात जड आहेत, बाई! सोमवारपासून दुसरं कुणीतरी बघतो," दादासाहेबांनी सगळ्यांसमोर सुनावलं. "पेन आणा. आत्ताच नोटिशीवर सही करतो."

आत्या शांतपणे उठली. तिने कपाटातून सत्काराचं तबक काढलं, त्यात पेन ठेवलं, वर शाल पांघरली. पावलागणिक थांबत ती टेबलापाशी आली, वाकून नमस्कार केला आणि शालीची एकेक घडी उलगडू लागली.

"अहो, नुसतं पेन द्या की! सहीला असा कितीसा वेळ लागतो?"

"सहीला नाही लागत, दादासाहेब. शोभेला लागतो. संगणकालाही तुम्ही दर विंडोला हेच करायला लावलंय."

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं.

"करा बंद," दादासाहेब पुटपुटले आणि नोटीस तशीच खिशात घातली.

दहा मिनिटांत रांग संपली. जाताना त्यांनी आत्याला दटावलं, की हे बाहेर कळता कामा नये, आणि आत्यानेही फक्त मलाच... आले गं आत्या! काही नाही, गणिताचा गृहपाठ विचारत होते मैत्रिणीला!