कारखानीस काकांची फुकट विद्या

मिरजेत मीडियम फॉरमॅटचा रोल, म्हणजे जुन्या चौकोनी कॅमेऱ्यातली रुंद फिल्म, धुऊन देणारा एकच माणूस उरलाय. कारखानीस काका. म्हातारा एका रोलचे आठशे घेतो आणि ‘तुम्हा पोरांना कष्ट नकोत’ हे भाषण वर फुकट देतो.

माझ्यासारखंच कॉलेज सोडलेल्या शर्वरीला तालमीतल्या पैलवानांचे फोटो काढायचं पहिलं काम मिळालं. मिळणार होते पाचशे. फोटो काढून ती रोल घेऊन काकांकडे गेली.

“थोडं कमी करा ना, काका.”

“एक रुपया नाही. कामाचे पैसे पडतात. विद्या मात्र मी कधी विकली नाही. काय हवं ते शिकून घे!”

“मग अंधारात फिल्म रिळावर चढवायला शिकवा. रोल आणलाय, धुवायचा डबा आणि त्यातलं रीळही आणलंय.”

काका खुलले. दिवा घालवून, तोंडाचा पट्टा चालू ठेवून त्यांनी फिल्म रिळावर चढवली, रीळ डब्यात घालून झाकण घट्ट लावलं आणि दिवा लावला.

“खरी कला एवढीच. आता उजेड लागला तरी चालतो. पुढं औषधं ओतायची, ते कुठलंही गाढव करेल.”

शर्वरीनं डबा पिशवीत टाकला. “मग ते मी घरी करते.”

“अगं ए! माझे आठशे?”

“कशाचे, काका? विद्या तुम्ही विकत नाही, आणि गाढवाचं काम तुम्ही केलं नाहीत.”

पैलवान झकास आलेत. काकांच्या दारावर आता पाटी आहे: ‘येथे काहीही शिकवले जात नाही.’